सोफियाजवळची दगडांची नदी: झ्लातनिते मोस्तोवे कसं पाहावं आणि त्यावर कसं चालावं

बल्गेरियाची राजधानी सोफिया वितोशा डोंगराच्या पायथ्याशी वसली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर डोंगराचा माथा, चेर्नी व्राह, २२९० मीटरवर. या दोहोंच्या मधल्या उंचीवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाट रानातून दगडांची एक नदी उतरते. गोलसर धोंडे, काही गुडघ्याएवढे, काही माणसाहून उंच, एकमेकांवर रेललेले. मधे माती नाही, झाड नाही. पाणी आहे, पण ते दगडांच्या खालून वाहतं आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं ऐकू येतं.

वितोशावर अशा दगडी नद्या अनेक आहेत, त्यांतली ही सर्वांत मोठी. लांबी २.२ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी १५० मीटरपर्यंत. वरचं टोक बोएरित्सा गिरिनिवासाच्या परिसरात सुमारे १८०० मीटरवर, खालचं १४१० मीटरवर. खालच्या टोकाशी मोटाररस्ता येऊन भिडतो आणि त्या जागेला झ्लातनिते मोस्तोवे, म्हणजे सोनेरी पूल, म्हणतात. बहुतेक लोक गाडी लावतात, पहिल्या चार धोंड्यांवर फोटो काढतात आणि परततात. त्यांना जे दिसतं ते या जागेचं शेपूट. नदी पाहायची तर तिच्या काठानं वर चढायला हवं, आणि त्यासाठी किमान अर्धा दिवस हाताशी ठेवा.

कधी आणि कसं जायचं

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्यात खाली शहरात फुलं असली तरी वर सावलीच्या फटींत बर्फ उरलेला असू शकतो. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटून वीज-पाऊस होण्याचा संभव मोठा, म्हणून दगडांवरचं चालणं दुपारी एकच्या आत उरकावं. उंची वाढली की दर हजार मीटरला तापमान साधारण ६ ते ६.५ अंशांनी उतरतं, म्हणजे शहरापेक्षा इथं पाच-सहा अंश गार. हिवाळ्यात मात्र पुष्कळदा याच्या उलट घडतं: सोफियाच्या खोलगट खोऱ्यात थंड हवा साचून धुकं बसतं आणि वर लख्ख ऊन असतं. शहरातली खिडकी पाहून बेत रद्द करू नका, वितोशावरचा कॅमेरा किंवा डोंगराचा हवामान अंदाज पाहा. पण हिवाळ्यात ही जागा काठावरूनच पाहायची. कारण पुढे येईल.

शहराची ६३ क्रमांकाची बस वर जाते, मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. वेळापत्रक बदलतं, म्हणून आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि परतीची शेवटची बस टिपून घ्या. स्वतःची गाडी असेल तर बोयाना उपनगरातून वर चढणारा रस्ता थेट जागेवर नेतो, मात्र रविवारी दहानंतर गाडी लावायला जागा मिळणं कठीण. केबलकार आणि खुर्चीची लिफ्ट यांच्या भरवशावर बेत आखू नये. वितोशावरच्या लिफ्टा वर्षानुवर्षं कधी चालू, कधी बंद असतात, आणि डोंगरावरच्या कोपितोतो या ठिकाणी जाणारी तर थांबलेलीच आहे.

पायी चढायचं असेल तर दोन वाटा चांगल्या. एक बोयानातून, बोयाना धबधब्यावरून: सुमारे ७०० मीटरची चढण, अडीच ते तीन तास. धबधब्याजवळचा टप्पा उभा आणि दमट आहे, थंडीत त्यावर बर्फाचा काच होतो. दुसरी व्लादाया गावातून. सोफिया-पेर्निक रेल्वेमार्गावर या गावाचं स्टेशन आहे. तिथून व्लादायस्का नदीच्या खोऱ्यानं सुमारे ५०० मीटर चढावं लागतं, दोन तास धरा. ही वाट सौम्य आहे. चढताना बोयाना आणि उतरताना व्लादाया ही जोडी गुडघ्यांना मानवते.

वाटांच्या खुणा झाडांवर आणि दगडांवर रंगवलेल्या असतात: दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टा. लाल, निळा, हिरवा, पिवळा, यांपैकी आपला रंग कोणता हे निघतानाच ठरवून घ्या. दहा मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. पाट्या पुष्कळदा फक्त सिरिलिक लिपीत असतात. जायच्या ठिकाणांची नावं त्या लिपीत फोनमध्ये साठवून ठेवली की पाटीवरची अक्षरं जुळवता येतात. नकाशाही आधीच उतरवून घ्या.

सामान

दगडांवर हात मोकळे हवेत, म्हणून एकच सॅक, तीही पाठीला घट्ट. छातीचा आणि कमरेचा पट्टा लावा. हलणारी सॅक नेमक्या उडीच्या क्षणी तोल ओढते. माणशी दीड लिटर पाणी, उन्हाळ्यात दोन. नदीचं पाणी नितळ दिसलं तरी न उकळता पिऊ नये. वाऱ्या-पावसाचं जाकीट जुलैतही लागतं. बूट निवडताना उंचीपेक्षा तळवा पाहा: मऊ रबर, पुढच्या भागात वाकणारा, खाचा न झिजलेला. घोट्यावर येणारा बूट खरचटण्यापासून वाचवतो, मुरगळण्यापासून फारसा नाही. रुंद मनगटी घड्याळ, अंगठी, गळ्यात लोंबणारा कॅमेरा काढून ठेवा. फोन चेनच्या खिशात. इथल्या फटीत पडलेला फोन दिसतो, ऐकू येतो, पण हाताला लागत नाही.

धोंडे कसे वाचायचे

दगडावर पाय ठेवण्याआधी काठावर उभं राहून पाच मिनिटं पाहा. हा सायनाइट-मॉन्झोनाइट गटातला, जमिनीखाली खोल थिजलेल्या शिलारसाचा दगड आहे, सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा, आणि तो जमिनीवर पसरून लवकर थिजला म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. इथं ताज्या फुटीवर फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक साध्या डोळ्यांनी दिसतात. याच भरड कणांमुळे कोरडा दगड बुटाला घट्ट धरतो.

दगड गोल का? खोल थिजलेल्या खडकाला आडव्या-उभ्या भेगा पडतात आणि त्याचे ठोकळे होतात. भेगांतून झिरपणारं पाणी ठोकळ्याची बाजू एका अंगानं खातं, कड दोन अंगांनी आणि कोपरा तीन अंगांनी. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि आत गोल गाभा उरतो. सह्याद्रीच्या घाटात रस्ता कापलेल्या जागी बेसाल्टचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोळे दिसतात, ते याच विदारणाचं, म्हणजे खडक जागच्या जागी झिजत-कुजत जाण्याचं, काम. गाभ्यांभोवती कुजलेल्या खडकाची भरड वाळू होती. हिमयुगाच्या थंडीत जमीन गोठत-वितळत राहिली, वाळू-माती उतारावरून घसरली आणि पाण्यानं धुऊन नेली, मागे धोंडे राहिले आणि तेही हळूहळू उताराच्या तळाशी गोळा झाले.

स्थानिक लोक अजूनही या नद्यांना मोरेन, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेला ढीग, म्हणतात. ते खरं नाही आणि ते तुम्हाला जागेवर तपासता येतं. हिमनदी चिखल, वाळू, खडे, धोंडे सगळं एकत्र ओतते आणि दगडांना कोन ठेवते. इथं फटीत डोकावा: बारीक माल नाही, दगड गोल आहेत आणि सगळे जवळपास एकाच जातीचे.

आता वजनाचा अंदाज, कारण त्यावर पुढचं सगळं चालणं अवलंबून आहे. या खडकाचा एक घनमीटर साधारण २.७ टनांचा. दोन मीटर व्यासाचा गोल धोंडा ११ टनांचा होतो, एक मीटरचा १.४ टनांचा आणि अर्ध्या मीटरचा पावणेदोनशे किलोचा. म्हणजे मोठा धोंडा तुमच्या वजनानं सहसा हलणार नाही. हलतो तो दोन मोठ्यांच्या मध्ये टेकलेला अर्ध्या मीटरचा. नवख्याला नेमका तोच ‘सोयीची पायरी’ वाटतो.

दगडांवर चालणं

सह्याद्रीत वाढलेल्या पायांना घसाऱ्याची सवय असते: टाच रोवा, पाऊल छोटं ठेवा, घसरलंच तर बूड टेका. इथं ती सवय उपयोगाची नाही. कोरड्या सायनाइटवर पाय सहसा घसरत नाही, धोका आहे तो पोकळीचा. पाय दोन धोंड्यांमध्ये जातो, शरीर पुढे जात राहतं आणि नडगी कडेवर अडकते. म्हणून वेग कमी ठेवायचा आणि शरीराचा भार पुढे फेकायचा नाही.

पाऊल टाकण्याची रीत अशी. आधी पुढचे तीन दगड डोळ्यांनी निवडा, एक नव्हे. तीन ठरले की एका लयीत जाता येतं आणि मधेच अडकून एका पायावर डुलत राहावं लागत नाही. पुढच्या दगडाच्या मध्यभागी, सर्वांत उंच जागी पायाचा पुढचा भाग ठेवा. कडेला ठेवलात तर दगड कलंडायला तुम्हीच तरफ देता. अर्धा भार देऊन चाचपा. ‘टक’ असा आवाज आला किंवा पायाखाली कंप जाणवला तर तो दगड सोडा. हलला नाही तर पूर्ण भार द्या आणि मगच मागचा पाय उचला. गुडघे किंचित वाकलेले, हात कमरेच्या उंचीवर उघडे. मोठा धोंडा चढताना दोन हात आणि दोन पाय या चार टेकूंपैकी तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवू नका. मोठ्या धोंड्यावरून उतरताना तोंड दगडाकडे करून, पोटावर घसरत उतरलात तर दिसायला बरं नाही, पण पाय लांबपर्यंत पोचतो. उडी मारू नये. एक मीटरची उडी साधते, पण थांबायला पुढे जागा नसते.

चालायच्या काठ्या गुडघाभर उंचीच्या दगडांपर्यंत ठीक. त्याहून मोठ्या धोंड्यांवर त्या घडी करून सॅकला लावा. टोक फटीत अडकतं आणि मनगटाचा पट्टा हातात असेल तर तुम्हालाही ओढतं.

ओला दगड ही वेगळीच गोष्ट. दगडावर पिवळट-हिरवी, करडी आणि काळी अशी तीन तऱ्हांची दगडफुलं दिसतात, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची लांबची भावंडं. उन्हात पिवळी झळकतात ती बहुधा नकाशासारख्या काळ्या रेघा असलेली, आणि जागेच्या नावातलं सोनं याच रंगाचं असं सांगतात. (या ओढ्यांच्या वाळूत पूर्वी खरोखरचं सोनंही धूत असत, अशीही कथा जोडली जाते.) कोरडी असताना तिन्ही निरुपद्रवी. ओली झाली की काळी साबणासारखी होते. पाऊस थांबून दोन-तीन तास ऊन पडेपर्यंत धोंड्यांवर चढू नका, आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या, झाडांच्या सावलीतल्या दगडांना सुकायला दिवसभर द्या. दगडाखालून पाण्याचा आवाज मोठा येतो तिथं शेवाळ जास्त आणि फटी रुंद. आवाज ऐकत चालण्याचा हा एक व्यवहारी फायदा.

वेगाचा हिशोब: वाटेवर तासाला तीन-चार किलोमीटर जाणारा माणूस धोंड्यांवर तासाला अर्धा-पाऊण किलोमीटरच जातो. शंभर मीटर रुंदी ओलांडायला नवख्याला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. म्हणून सगळी नदी दगडांवरून चढण्याचा हट्ट करू नये. योग्य पद्धत अशी की काठाच्या वाटेनं वर जात राहावं आणि जिथं दगड रुंद, कोरडे, उन्हात असतील तिथं एखाद-दोनदा पंचवीस-तीस मीटर आत जाऊन यावं. गटात असाल तर दोघांत तीन-चार मीटर अंतर ठेवा आणि उतारावर एकाच्या थेट खाली दुसरा नको. मुलांना पुढे धावू देऊ नका. त्यांच्या पायाच्या मापाची फट मोठ्यांच्या नजरेतून सुटते.

न दिसणाऱ्या फटीत हात घालू नये. वितोशाच्या वरच्या भागात अॅडर हा विषारी साप आहे, घोणस-फुरशांच्या कुळातला, आणि सकाळच्या उन्हाला दगडांवर येतो. त्याला वाट दिली की तो निघून जातो.

पाय अडकला तर ओढू नका. ओढल्यानं घोटा फिरतो आणि बूट आणखी घट्ट बसतो. खाली बसा, भार काढा, बुटाची नाडी पूर्ण सैल करा आणि पाय बुटातून सोडवा. बूट नंतर काढता येतो. हाड मोडल्याची शंका असेल तर ११२ वर फोन करा. जवळच्या गिरिनिवासाचं नाव, वाटेच्या खुणेचा रंग आणि तुम्ही नदीच्या कोणत्या काठाला आहात हे सांगा. प्रवास विमा घेताना डोंगरातील बचावकार्य त्यात आहे का, हे वाचून घ्या.

बर्फ पडल्यावर दगडांवर जाऊ नये, यात तडजोड नाही. तीस-चाळीस सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ फटी झाकतो पण माणसाचं वजन पेलत नाही. वरून सगळं सपाट मैदान दिसतं आणि पाय मांडीपर्यंत आत जातो.

भोवतालचं रान

धोंड्यांच्या कडेला स्प्रूसची झाडं दगडाला मुळांनी कवटाळून उभी दिसतील. दगडावर आधी दगडफूल, मग शेवाळाची गादी, गादीत अडकलेली धूळ आणि पानं, त्यात एखादं बी, असा क्रम काठावर एकाच नजरेत सापडतो. नदीच्या मधोमध ही साखळी दुसऱ्या पायरीच्या पुढे जात नाही, कारण धूळ फटीतून खाली पडते आणि पाणी ती नेतं. दगडफूल वर्षाला मिलीमीटरभरही वाढत नाही. नावं खरवडणं, रंगवणं आणि दगडांचे मनोरे रचणं यांनी शेकडो वर्षांची वाढ निघून जाते.

खाली उतरलात की बीच या पानझडी झाडांचं रान लागतं. इथं आणि कुरणांत वसंतापासून शरदापर्यंत गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. फिकट रंगाची पूर्ण विजार घाला, तिची टोकं मोज्यात खोवा. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत पाहा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, चुना, जळती काडी काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याजागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे जा.

जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या उतारांवर निळ्या बोरांची, म्हणजे ब्लूबेरीची, झुडपं फळांनी भरतात. गुडघ्याखालचं झुडूप, फळावर निळसर पावडर, आतला रस जांभळा, अशी त्यांची ओळख. बल्गेरियातल्या बीचच्या रानांत बेलाडोनाही वाढतं: उंच झाडोरा, चकचकीत काळं, एकएकटं फळ. ते जीवघेणं आहे. खात्री नसेल तर खाऊ नका.

पक्ष्यांत नटक्रॅकरचा खरखरीत आवाज ऐकू येतो आणि खाली, पाणी उघडं पडतं तिथं, दगडावरून वरखाली डुलणारा छोटा काळपट पक्षी दिसला तर तो डिपर: पाण्यात बुडी मारून तळावर चालतो. डोंगरावर तपकिरी अस्वलं आहेत, दिसणं दुर्मीळ. अन्न उघड्यावर ठेवू नका आणि झाडीतून जाताना बोलत राहा.

वितोशा १९३४ पासून निसर्गउद्यान आहे. त्यात दोन कडक राखीव भाग आहेत, बिस्त्रिश्को ब्रानिश्ते आणि तोर्फेनो ब्रानिश्ते. तिथं खुणांची वाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही. बिस्त्रिश्कोमध्ये २००१ मध्ये वादळानं स्प्रूसचं मोठं रान आडवं केलं, मग सालीखालच्या भुंग्यांनी उभी झाडंही मारली. राखीव भाग म्हणून ती लाकडं जागेवरच राहू दिली. तोर्फेनो म्हणजे माथ्याजवळचं दलदलीचं पठार. तिथला ओला पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो.

वर किंवा खाली

दम असेल तर झ्लातनिते मोस्तोवेहून कुमाता गिरिनिवास सुमारे एक तास, तिथून चेर्नी व्राह आणखी दोन. एकूण चढ जवळपास ९०० मीटर. कुमाताच्या पुढे झाडी संपते आणि धुकं उतरलं की पठारावर दिशा हरवते. म्हणूनच तिथं वाटेकडेनं लोखंडी खांब रोवले आहेत. एका खांबावरून पुढचा दिसेनासा झाला तर परत फिरा. डिसेंबरात सूर्य पाचच्या आत मावळतो, जूनमध्ये नऊनंतर.

उतरताना व्लादायाची वाट घेतलीत तर दगडांखालचं पाणी मोकळं होताना दिसतं. हीच व्लादायस्का पुढे शहरात दगडी कालव्यातून वाहते आणि १८९१ मध्ये पुरा झालेला सिंहांचा पूल तिच्यावरच उभा आहे. बोयानाकडे उतरलात तर तिथल्या चर्चसाठी वेळ राखा. आतली भित्तिचित्रं १२५९ ची आहेत आणि ती जपण्यासाठी एका वेळी मोजक्याच लोकांना, तेही थोड्या मिनिटांपुरतं, आत सोडतात. शनिवार-रविवारी दुपारी रांग लागते. आत फोटो काढायला मनाई आहे.